टोचन

माझ्या भावाने पहिल्यांदा "आपा, एक जुनी पिकअप ले लेते" असे म्हटले, तेव्हा अब्बा जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारले, "जनरेटर खींचने के वास्ते?" भाऊ म्हणाला, "कभी-कभी." अब्बांनी घास पुन्हा उचलला. त्या जेवणात पुढे कोणी बोलले नाही. फक्त अम्मी वाढताना दोनदा "और लो" म्हणाली.

त्या "कभी-कभी"वर आमच्या घरात पुढे दोन महिने खल चालला. मी पुसदला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बी.एड. होऊन चौदा वर्षे झाली. गाडी म्हणाल तर मला स्कूटी चालवता येते, तीही बाजाराच्या दिवशी नको वाटते. तेव्हा मी ट्रकबद्दल लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण त्या खरेदीत निम्मे पैसे माझे होते, आणि जिथे पैसे द्यायचे तिथे आधी समजून घ्यायचे, ही मास्तरकीची खोड आहे.

भावाचा धंदा मंडप, लायटिंग आणि जनरेटरचा. तो सुरू केला अब्बांनी. २००० नंतरच्या त्या दशकात आमच्या भागातल्या खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन असायचे. आज माझ्या विद्यार्थ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. तांड्यावरचे लग्न असो, भीमजयंती असो, नवरात्र असो की एखादा उरूस असो, अब्बांच्या जनरेटरशिवाय दिवा लागत नसे. लोक अंधाराला शिव्या देत आणि आमचे घर त्या अंधारावर चाले. माझ्या बी.एस्सी.ची फी त्याच भाड्यातून भरली गेली. पुढे भारनियमन कमी झाले, पण तोवर लग्ने मोठी झाली होती. लाइट गेली तर वऱ्हाड रुसते, म्हणून जनरेटर लागतोच.

एखाद्या गाडीच्या मागे दुसरे धूड बांधून ओढत न्यायचे, याला आमच्याकडे टोचन म्हणतात. बंद पडलेली जीप टोचन करून आणतात, जनरेटरची ट्रॉली टोचन करून नेतात. अब्बा आपल्या जुन्या जीपला जनरेटर टोचन करून गावोगाव फिरायचे. २००६च्या मे महिन्यात वाशीमकडच्या एका गावातले लग्न आटोपून ते रात्री परत निघाले. वाशीमहून पुसदला येताना खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. त्या उतारावर एका वळणावर मागची ट्रॉली जीपला ढकलू लागली, मग आडवी झाली, आणि जीप रस्त्याकडेच्या नालीत कलंडली. ट्रॉलीच्या दांड्यावर एक पोरगा बसलेला होता. त्याने उडी मारली म्हणून तो वाचला. अब्बांच्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. आज त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा दीड इंच आखूड आहे. दांड्यावरचा तो पोरगा आज आमचा वायरमन आहे, दोन मुलांचा बाप आहे.

त्यानंतर जनरेटर ओढायला भाड्याचा ट्रॅक्टर लावायची पद्धत पडली. ट्रॅक्टर ओढतो चांगला, पण वीस-पंचवीसच्या वेगाने उमरखेडला जाऊन यायचे तर अख्खा दिवस जातो. लग्नसराईत नेमका ट्रॅक्टर मिळत नाही, मिळाला तर मालक भाडे वाढवून सांगतो. भावाचे म्हणणे चूक नव्हते.

मी त्याला म्हटले, "कभी-कभी म्हणजे किती, ते आधी सांग." त्याला सांगता येईना. मग मी त्याच्या तीन वर्षांच्या डायऱ्या मागवल्या. त्यांत बयाण्याचे आकडे, मंडपाच्या पाइपांचा हिशेब, कुठे कुठे हळदीचे डाग. दोन रात्री बसून मी मोजले. वर्षाला सरासरी चौतीस दिवस जनरेटर बाहेरगावी गेला होता. बाकीच्या दिवशी गाडीवर न्यायचे ते पाइप, कनाती, खुर्च्या आणि पातेली. म्हणजे गाडी घ्यायची ती तीनशे दिवसांच्या कामाची की चौतीस दिवसांच्या?

भावाला वाटायचे, तीनशे. हिशेबाने तेच बरोबर दिसते. हलकी गाडी डिझेल कमी पिते, मोहल्ल्याच्या बोळात वळते, हप्त्याला दोनदा धुतली की चमकते. अवजड गाडी रोज पोसायची आणि महिन्यातून तीनदा वापरायची, हे कोणत्या व्यापाऱ्याला पटेल?

मी त्याला म्हटले, आधी ओढायचे किती ते तरी मोजू. एका जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॉलीसकट जनरेटर चढवला. भाऊ म्हणत होता, दीड टन असेल. काट्याने दोन हजार दोनशे चाळीस किलो दाखवले. टाकीत डिझेल होते, केबलची भेंडोळी होती, कुणीतरी आत एक जुना टायर टाकून ठेवला होता. काटेवाल्याने पावती दिली. ती मी अजून जपून ठेवली आहे. गाडी शोधायला निघालेल्या माणसाने आधी काट्यावर जावे, असे मी आता सगळ्यांना सांगते. अंदाजाने आपण नेहमी आपल्याला परवडेल तेवढेच वजन धरतो.

पैशांची मर्यादा चार लाखांची होती. नवी गाडी त्यात येत नाही, आणि कर्ज काढून घ्यायला अब्बा तयार नव्हते. व्याज नको, हे त्यांचे पहिले कलम. मी स्वतः माझ्या घराचा हप्ता व्याजासकट भरते. अब्बांना ते माहीत आहे. ते त्यावर बोलत नाहीत, मीही बोलत नाही. पण धंद्याच्या गाडीत त्यांनी तडजोड केली नाही. माझी भिशी लागली होती, भावाची थोडी शिल्लक होती, आणि अम्मीने उमऱ्यासाठी बाजूला ठेवलेले साठ हजार होते. ते घेऊ नयेत असे मी म्हटले. तिने ऐकले नाही. "पहले घर का पहिया चलने दो," म्हणाली. त्या साठ हजारांमुळे गाडी निवडताना माझा हात आखडता झाला, हे खरे आहे.

बाजारात आमच्या कामाच्या तीन प्रकारच्या गाड्या दिसल्या. पहिली टाटा एस, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. २००५मध्ये ती आली आणि आमच्या गावांतली निम्मी हातगाडी-टांग्याची वाहतूक तिने खाऊन टाकली. पण तिचे सुरुवातीचे इंजिन दोन सिलिंडरचे, सातशे सीसीचे. मंडपाला छान, जनरेटरला नाही. दुसरी बोलेरो पिकअप आणि तिच्या तोडीची टाटा २०७. बोलेरोचे इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे, टाटाचे तीन लिटरच्या आसपास. तिसरी टाटा ४०७. तिला पिकअप म्हणावे की छोटा ट्रक, यावर मिस्त्री लोक वाद घालतात. १९८६पासून ती रस्त्यावर आहे. मागे दुहेरी चाके, एकूण सहा टायर.

भावाचे मन बोलेरोवर. मलाही ती आवडली होती. दिसायलाच आवडते.

अब्बांचे एक जुने दोस्त मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे मी वजनकाट्याची पावती घेऊन गेले. त्यांनी चश्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "पोरी, ओढते किती हे कोनीबी पायते. मागचं धूड घेऊन थांबते कशी, हे पाय. अन् ओढनाऱ्यापेक्षा ओढायचं जड नको."

ते ऐकताना मला माझाच आठवीचा धडा आठवला. बालभारतीच्या उर्दू पुस्तकात जडत्वाला जमूद म्हणतात. जी वस्तू चालते ती चालतच राहू पाहते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. नववीला गतिज ऊर्जा येते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणजे वीसच्या वेगाने ट्रॅक्टरमागे मुकाट्याने येणारा तोच जनरेटर चाळीसच्या वेगाने येताना थांबवायचा तर ब्रेकला चारपट काम करावे लागते. आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते, म्हणजे ते सगळे काम पुढच्या गाडीच्या ब्रेकने करायचे. त्या लायनरची उष्णता होते, लायनर तापले की पकड ढिली पडते. रिकामी बोलेरो पिकअप पावणेदोन टनांच्या आसपास. तिच्या मागे सव्वादोन टन. चढावर ती ओढेल, याबद्दल काकांनाही शंका नव्हती. उतारावर कोण कोणाला नेईल, हा प्रश्न होता. चौदा वर्षे मी हे गणित मुलांकडून पाठ करून घेतले, घरातल्या अपघाताला मात्र ते कधी लावून पाहिले नव्हते.

गाड्या बघायला भाऊ, काका आणि मी जायचो. विकणारे भावाशी बोलायचे, मला खुर्ची द्यायचे. मी बसायची नाही.

पहिली गाडी यवतमाळला, एका यार्डात. हप्ते थकलेल्या गाड्या फायनान्सवाले ओढून आणतात आणि तिथे उभ्या करतात. ओढून आणतात, हाच शब्द लोक वापरतात. २०१६ची बोलेरो पिकअप होती. इंजिन उत्तम, टायर चांगले, भाव बाजारापेक्षा कमी. भावाचे डोळे चमकले. मी मागची फळी उघडली तर बिजागरीत कापसाचे बोंदर अडकलेले होते. डॅशबोर्डवर एका मुलीचे नाव, त्याखाली बदामाचे चित्र. आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत कशासाठी येते ते मी सांगायला नको. मी भावाला म्हटले, "वजनात बसत नाही." ते कारण खरे होते. पण ते एकच कारण होते असे म्हटले तर ते खोटे होईल. परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाला, "आपा, अपन नहीं लिए तो दूसरा लेगा. उस बच्ची को गाडी वापस थोडी मिलने वाली." माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते, आजही नाही.

दुसरी नांदेडला, टाटा २०७. नुकताच रंग दिलेला, नवी गादी, आरशाला गोंडे. काका तिच्याखाली पोते टाकून आडवे झाले आणि दहा मिनिटे बाहेरच आले नाहीत. मग त्यांनी मला बोलावले. मीही वाकून पाहिले. मागच्या चाकांच्या पुढे चासीच्या पट्टीवर वेल्डिंगचा जाड वळ होता, वरून काळा रंग. "कदी तरी तडकली. वझं टाकून पयवली असंन," काका म्हणाले. विकणारा म्हणाला, "साहेब, त्यानं काई होत नाही." तो मला सोडून सगळ्यांना साहेब म्हणत होता. हूक लावायचा तो याच चासीला. बंपरला हूक लावला तर पहिल्याच चढावर बंपर हातात येतो.

तिसरी दिग्रसच्या एका सिमेंट-लोखंडवाल्याची. टाटा ४०७, २०१३चे मॉडेल. रंग उडालेला, समोरची काच एका कोपऱ्यात तडकलेली, दार लावायला दोनदा आपटावे लागे. भावाने तोंड वाकडे केले. काकांनी मात्र तिला सगळ्यांत जास्त वेळ दिला. ते सकाळी सातलाच पोचायचे असे म्हणाले होते, कारण इंजिन थंड असताना चालू करून बघायचे होते. मालक आधीच तापवून ठेवतात. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. पांढरा धूर आला, दोन मिनिटांत गेला. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण काढले. तिथून धूर फुसफुसत आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या समजायच्या. थोडी वाफ आली, फार नाही. मग ब्रेक दाबून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायला लावला. इंजिन धाडकन बंद पडले, म्हणजे क्लच धरतो. ते चालूच राहिले असते तर प्लेट घसरते आहे असा अर्थ. टोचन करणाऱ्या गाडीचा क्लच आधी जातो, हे काकांनी भावाला तीनदा सांगितले. डिफरन्शियलचे ऑइल त्यांनी बोटावर घेऊन उन्हात धरले, लोखंडाचा चुरा चमकतो का बघायला. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांचे रबर गुळगुळीत झाले होते आणि मीटर मात्र साठ हजार किलोमीटर दाखवत होते. मालक हसला. म्हणाला, "मीटरचं नका बघू ना मॅडम." निदान तो खरे बोलला.

गाडीत खोट होती. मागच्या पाट्यांत एक पाटा वाढवलेला होता, म्हणजे तिच्यावर नेमाने जास्त माल टाकला गेला होता. सिमेंटवाल्याची गाडी, दुसरे काय असणार. पण चासी सरळ, वेल्डिंग नाही. आरसीवर रिकामे वजन अडीच टनांच्या जवळ. मागचे ड्रम हाताने मापले तरी कळत होते की बोलेरोपेक्षा मोठे आहेत.

कागदपत्रांचे काम माझ्याकडे. शाळेत बारा वर्षे शालार्थ आणि सेवापुस्तके भरणाऱ्या बाईला आरटीओचे फॉर्म अवघड नसतात. गाडीवर पूर्वी कर्ज होते, ते फिटल्याची नोंद फॉर्म ३५ने आरसीवरून उतरवलेली आहे का ते पाहिले. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी एमएच-२९चीच, म्हणून दुसऱ्या जिल्ह्याच्या ना-हरकतीचा प्रश्न नव्हता. नांदेडची घेतली असती तर फॉर्म २८चाही फेरा पडला असता. थकलेली चलने ऑनलाइन तपासली, दोन निघाली, ती मालकाच्या माथी मारली. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही लागतो. तेव्हा १५ वर्षे झाली की फिटनेसचे शुल्क एकदम चढायचे, एप्रिल २०२२पासून ते फार वाढले होते. काकांना आधी एक २००९ची ४०७ आवडली होती, ती मी याच कारणाने नको म्हटले.

भावाला आणखी एक धास्ती होती. त्याचे लायसन्स साध्या मोटारीचे. त्यावर ४०७ चालवली आणि काही झाले तर विमा मिळेल का? नेमका त्याच नोव्हेंबरात, २०२४मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडीही चालवता येते, त्याला वेगळा शेरा लागत नाही. २०१७च्या निकालावर जी शंका होती ती मिटली. ट्रॉलीचे मात्र आमचे आम्हालाच लाजिरवाणे होते. कायद्याने ट्रॉली हेही वाहन, तिलाही नोंदणी आणि विमा हवा. आमच्या ट्रॉलीला अठरा-वीस वर्षांत नंबरच नव्हता. अशा ट्रॉलीने कोणाला चिरडले असते तर अख्खे घर विकूनही भरपाई झाली नसती. माझी बी.एस्सी.ची फी अशा ट्रॉलीच्या भाड्याने भरली गेली, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही.

मी मालकाला एक अट घातली. जनरेटर जोडून, घाट चढून-उतरून पाहिल्याशिवाय बयाणा नाही. तो म्हणाला, असे कोणी करत नाही. मी म्हटले, आमच्यात एकाने केले नव्हते. शेवटी डिझेल आमचे, आणि त्याचा माणूस सोबत, या बोलीवर तो राजी झाला.

त्या दिवशी सकाळी अब्बा चपला घालून दारात उभे. अठरा वर्षांत ते वाशीमच्या रस्त्याने गेले नव्हते. वाशीमला नातेवाईक आहेत, त्यांच्या लग्नांनाही अम्मीच जायची. "मैं भी आता," एवढेच म्हणाले. केबिनमध्ये भाऊ चालवायला, मधे मी, कडेला अब्बा. मालकाचा माणूस आणि काका मागून मोटारसायकलवर.

चढ तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर गेला. गाडी कण्हली, पण थांबली नाही. वर पोचल्यावर काकांनी हातानेच चाकांचे ड्रम चाचपले, रेडिएटर पाहिले. मग गाडी वळवली आणि उतरायला लागलो. भाऊ दुसऱ्या गिअरवर होता. ज्या गिअरवर चढायचे त्याच गिअरवर उतरायचे, इंजिनच गाडीला धरून ठेवते. मागून ट्रॉलीचा धक्का जाणवत होता, कोणी पाठीला तळहात लावून उभे राहावे तसा. त्याहून जास्त नाही. भावाने दोनदाच ब्रेकला पाय लावला.

ते वळण आले तेव्हा अब्बांनी खिडकीची दांडी धरली. वळण मागे पडले. मग ते समोर बघतच म्हणाले, "उस रात मैं न्यूटल में था."

आम्हा दोघांना आधी कळलेच नाही.

"डिझेल बचाने को. इंजन बंद करके छोड दिया था. सब करते थे." थोड्या वेळाने म्हणाले, "ब्रेक पत्थर हो गया."

इंजिन बंद असले की ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मिळत नाही, पायटा दगडासारखा होतो. दुसऱ्या गिअरचा जो धरबंध आम्ही आता अनुभवत होतो, तोही त्या रात्री नव्हता. अठरा वर्षे आमच्या घरात जीपला दोष दिला जात होता. जीप हलकी होती, ट्रॉली जड होती, रस्ता खराब होता. अम्मी तर ती जीप भंगारात गेली तेव्हा तिच्याकडे पाहायलाही बाहेर आली नव्हती. अब्बांनी हे कधी कोणाला सांगितले नव्हते, दांड्यावर बसलेल्या त्या पोराच्या आईबापालाही नाही. तिच्या हातचे ते ईदला शीरखुर्मा खातात.

भाऊ काही बोलला नाही. गाडी नीट पुसदच्या अलीकडे आणली, एका हॉटेलापाशी उभी केली. चहा घेताना तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आपा, फिर तो जीप की गलती नहीं थी. मतलब बोलेरो भी चल जाती."

त्याचे तर्कशास्त्र बरोबर होते. दोन महिने मी वजनाचे गणित मांडत होते आणि त्या गणिताच्या तळाशी जो अपघात होता, तो वजनाने एकट्याने झालेलाच नव्हता. मी बराच वेळ गप्प बसले. मग त्याला विचारले, "रात्री दोन वाजता लग्न आटोपून येताना, झोप आलेली असताना, डिझेल महाग असताना, तू कधी न्यूट्रल मारले नाहीस?" तो चहाच्या ग्लासात बघत राहिला. मी म्हटले, मग ४०७च. जागा असलेला ड्रायव्हर बोलेरोने जनरेटर सुखरूप आणील, काकाही तेच म्हणतात. पेंगणाऱ्या ड्रायव्हरला थोडी चूक परवडली पाहिजे, तेवढे जास्त लोखंड त्याच्या हाताखाली असू दे.

तीन लाख चाळीस हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांतून काकांनी काय काय केले ते सांगते, कारण गाडी घेऊन काम संपत नाही. हूक चासीच्या आडव्या पट्टीला बोल्टने बसवला. ४०७चे शेपूट उंच, ट्रॉलीचा दांडा खाली, म्हणून हूक खाली घेणारा एक ब्रॅकेट केला, दांडा जमिनीला समांतर राहावा म्हणून. दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या टाकल्या, पिन निसटली तरी दांडा रस्त्यावर आपटू नये म्हणून. ट्रॉलीच्या मागच्या चाकांना ब्रेक बसवले, जे गाडी थांबू लागली की ट्रॉलीच्या स्वतःच्या रेट्यानेच लागतात. मागे लाल दिवे, रेडियमच्या पट्ट्या. वाढवलेला पाटा काढून टाकला. ट्रॉलीच्या नोंदणीचे कागद आरटीओत आहेत, तिथे माझ्या दोन किरकोळ रजा गेल्या. दांड्यावर कोणी बसायचे नाही, हे भावाने पांढऱ्या रंगात मराठीत लिहिले. उर्दूत मी लिहिले.

गाडी आमच्या बोळात वळत नाही. मशिदीजवळच्या मोकळ्या जागेत उभी करावी लागते, तिथून पाइप हातगाडीवर आणावे लागतात. डिझेलचा आकडा ऐकून भाऊ महिन्यातून एकदा तरी मला बोलेरोची आठवण करून देतो. मी ऐकून घेते. अम्मीच्या साठ हजारांपैकी अकरा हजार परत झाले आहेत, ते एका डब्यात आहेत.

अब्बांनी वायरमनला काही सांगितले की नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही. पण फेब्रुवारीतल्या पहिल्या बाहेरगावच्या लग्नाला, रात्री गाडी निघायच्या वेळी, ते काठी टेकत मशिदीजवळ आले. वायरमन पिन लावत होता. अब्बांनी त्याला बाजूला केले, खाली वाकायला त्यांना वेळ लागला. त्यांनी पिन ओढून पाहिली, मग साखळ्या, मग परत पिन. अंधारात नीट दिसेना. त्यांनी माझ्याकडे न बघता हात मागे केला आणि म्हणाले, "बेटा, जरा टॉर्च मार."